शेक घेतलेल्या आजोबाचं ताट वेगळं

"शेक घेऊन आले का बाबाले नातवापासून दूरच ठेवतो. बराबर हाय नं?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सुनेचा प्रश्न. खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सासऱ्याला गालफडाचा कर्करोग झाला. ऑपरेशननंतर नागपुरात रेडिएशन, म्हणजेच शेक, सुरू: एकूण 60 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक), 30 शेक, आठवड्याला 5. शनिवार-रविवार गावी. तिथं त्यांची खाट गोठ्याशेजारी, ताट-गिलास निराळे.

ही भीती उगाच आलेली नव्हती. शेजारणीला थायरॉइडच्या कर्करोगासाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं, तेव्हा लेकरांपासून काही दिवस दूर राहा, असं डॉक्टरांनीच बजावलं होतं. तिथं ते योग्यच. ते औषध पोटात जातं आणि लघवी-घामावाटे बाहेर पडत राहतं. आजोबांचा शेक बाहेरून, मशीनचा. त्यात वेगवान इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळले की एक्स-रे निघतात. मशीन थांबलं की किरण थांबले. शेक देताना सगळे खोलीबाहेर जातात, त्यानंही घरचे धास्तावतात. सुनेला एवढंच विचारलं, "भिंतीवर टॉर्च मारली अन् विझवली, तर भिंत उजेड देते का?"

घोळ मात्र त्या वेगळ्या ताटानंच केला होता. पहिल्या दिवशी वजन 54 किलो, 15 शेकांनंतर 49. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतंच. त्यात एकट्यानं जेवणं. दोन घास खायचे, उरलेलं कुत्र्याला. गोठ्यात पाहायला कोण? गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवलेला जाळीचा मास्क आता जबड्यापाशी इतका सैल, की आत बोट जायचं. मास्क सैल म्हणजे जबडा हलणार, नेम चुकणार. पुन्हा सीटी स्कॅन, नवा मास्क, नवं प्लॅनिंग. त्यात शेक लांबला की कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशींना वाढायला सवड मिळते. कापूस वेचणीसाठीही एक दिवस बुडवू नका, असं सांगतात ते यासाठीच.

आजोबांची खाट घरात आणायला सांगितली. दर दोन तासांनी वाटीभर: दुधातली रव्याची खीर, तूप घातलेलं पातळ वरण, मऊ अंडं. तिखट बंद, खर्रा तर बंदच. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. दिवसातून 5-6 चुळा, गिळायचं नाही. गालाला हळद-तेल लावायचं नाही. एवढं करूनही घास उतरेना, तर नाकातून नळी. नळी म्हटलं की घरचे 'आता संपलं' समजतात. ती शेक पूर्ण व्हावा म्हणून असते, तोंड भरून आलं की निघते.

पुढच्या सोमवारी वजन 49 वरच थांबलेलं. सुनेची नवी तक्रार: "अर्धी खीर तं नातूच खाते."