चमत्कारांचे प्रयोग नकोत, दाखल्यांचे करा

ताई, ५ आणि ७ वर्षांच्या मुलांना घरीच शिकवताना तुम्ही काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ती बायबलमधली गोष्ट सांगून पाण्याचा रंग बदलण्याचा प्रयोग केलात आणि धाकट्याने विचारलं, "मग येशू जादूगार होता का?" त्याचं काहीच चुकलं नाही, जे पाहिलं त्यावरून त्याने सरळ अर्थ काढला. बायबलमधला तांबडा समुद्र दुभंगल्याचा चमत्कार दाखवायला पाण्यावर मिरपूड भुरभुरून साबणाचं बोट बुडवतात, तिथेही हेच होतं. मिरपूड पळते ती पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याच्या वरच्या थराला असलेल्या ताणामुळे. तो धडा छान आहे, पण वेगळ्या दिवशी आणि समुद्राचं नाव न काढता घ्या. चमत्कार नुसता वाचून दाखवा. हाताने करायला दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथा घ्या, कारण प्रभूने ते शेतातल्या आणि चुलीजवळच्या वस्तूंवरच बेतले आहेत. तिथे विज्ञान बाहेरून चिकटवावं लागत नाही.

पहिला घ्या पेरणाऱ्याचा, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायातला. त्यात बी चार ठिकाणी पडतं: वाटेवरचं पाखरं खातात, खडकाळ जमिनीतलं लगेच उगवून उन्हाने करपतं, काट्यांमधलं दबून जातं आणि चांगल्या जमिनीतलं पीक देतं. श्रीखंडाचे अर्धा किलोचे चार डबे घ्या, तळाला चार-पाच भोकं पाडा. चारही डब्यांत बी मोहरीचं. वाटेच्या डब्यात ओली माती वाटीच्या बुडाने ठोकून दोन दिवस उन्हात कडक वाळवा. खडकाळ जमिनीसाठी खाली खडी, तिच्यावर शहाबादी फरशीचा तुकडा आणि वर जेमतेम १ सेंमी माती. नुसती खडी घातली तर पहिल्याच पाण्याला माती खाली वाहून जाते. काट्यांच्या डब्यात मूठभर गहू आठवडाभर आधी दाट पेरून ठेवा. मोहरीबरोबरच पेरले तर ते तिला दाबणार नाहीत. चौथ्यात दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, जवळजवळ डब्याच्या काठापर्यंत, आधीच पूर्ण भिजवलेली.

मसाल्याच्या डब्यातली मोहरी जुनी असू शकते. आधी १० दाणे ओल्या फडक्यात ठेवा. चार दिवसांत सातही रुजले नाहीत तर मेथी वापरा. मग प्रत्येक डब्यात २० दाणे. वाटेवरचे उघडेच टाकून डबा कोरडा, खिडकीबाहेर ठेवा, पाखरं येऊ द्या. बाकीच्यांना रोज दोन मोठे चमचे पाणी.

बहुतेक जण फसतात ते इथे: चौथ्या दिवशी खडकाळ डबाही हिरवागार दिसतो, कधी सगळ्यांत आधी. मुलं म्हणतात, गोष्ट खोटी निघाली. पण दाखल्यात तसंच आहे, माती खोल नसल्यामुळे ते लगेच उगवलं. पातळ थर लवकर तापतो आणि पहिले काही दिवस रोप दाण्यातल्या साठ्यावरच जगतं. आता सगळे डबे चार-पाच तास उन्हात ठेवा आणि पाणी एक दिवसाआड द्या. पातळ मातीतली रोपं माना टाकतात, खोल मातीतली तग धरतात. खिडकीला जाळी असेल आणि पाखरं आलीच नाहीत, तर वाटेच्या डब्यालाही थोडं पाणी द्या. भेगेत एखादा दाणा रुजला तर उपटू नका. तो तिथेच का रुजला हे मोठीला शोधू दे.

बाराव्या दिवसाच्या सुमारास प्रत्येक डब्यातलं एक रोप मातीसकट काढून पाण्यात हलकेच धुवा आणि मुळं काळ्या कागदावर पसरा. खडकाळ डब्यातलं मूळ फरशीला टेकून आडवं वळलेलं दिसेल. दाखल्याचा उलगडा (१८ ते २३ ओव्या) त्याच दिवशी वाचा. पहिल्या दिवशीच वाचला तर मुलं रोपं बघायचं सोडून पाठ केलेलं उत्तर सांगतात. रोज दहा मिनिटं पुरतात: धाकट्याने चित्र काढायचं, मोठीने पट्टीने उंची मोजायची.

थोडं खमीर सगळं पीठ फुगवतं, त्या खमिराच्या दाखल्यासाठी अर्ध्या लिटरच्या बाटलीत १०० मिली कोमट पाणी, एक चमचा साखर, एक चमचा इन्स्टंट यीस्ट घाला आणि तोंडाला फुगा लावा. दुसऱ्या बाटलीत यीस्ट घालू नका. फुगा आधी दोन-तीनदा फुगवून सैल करा, नाहीतर तो उभाच राहत नाही. पाणी ४० अंशांच्या आसपास हवं; ६० अंशांना यीस्ट मरतं. येशूच्या काळी मात्र खमीर म्हणजे आदल्या पिठाचा राखून ठेवलेला आंबट गोळा. घरात आंबोळीचं पीठ आंबवत असाल तर तेही शेजारी ठेवा, दाखल्याच्या ते जास्त जवळचं आहे.

मोहरीच्या दाण्याचा दाखला (सगळ्यांत बारीक दाण्यातून मोठं झाड होतं) घ्याल तेव्हा मोहरी, राजगिरा आणि खसखस एका ताटलीत मांडा. मोठी लगेच म्हणेल, खसखस तर मोहरीहून बारीक आहे! तिला गप्प करू नका, भिंगातून तिन्ही मोजायला लावा. मग सांगा की प्रभू त्याच्या गालील प्रांतातल्या शेतकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलत होता आणि अगदी बारीक काही सांगायचं तर ती माणसं मोहरीचंच नाव घ्यायची.