कूलर घेऊ का? वाचकांचे प्रश्न, मेकॅनिकची उत्तरं

प्रश्न : आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. एक खोली, स्वयंपाकघर, खोलीची मोठी खिडकी पश्चिमेला. घरात मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाईंचं वय 74, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला हात लाववत नाही आणि रात्री दहाला पंखा लावला (फुल्लवर पण हळूच फिरतो) तरी वरून गरम वाफ येते. एसीचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, माझे सांधे धरतील. मोठे दीर नागपूरला असतात. ते म्हणतात, कूलर घ्या, आम्ही 45 डिग्रीत त्याच्यावर काढतो, तुमच्या मुंबईत काय आहे! हप्त्यावर एकच काहीतरी घेता येईल. काय घेऊ? – एक वाचक भगिनी, विक्रोळी

उत्तर : ताई, तुमच्या दिरांचं बरोबर आहे, पण ते नागपुरापुरतं. फ्रिज-एसीच्या धंद्यात माझी 36 वर्षं गेली आणि विदर्भातल्या नातेवाइकांच्या सल्ल्याने घेतलेले कूलर मी मुंबईत माळ्यावर इतके पाहिलेत की मोजणं सोडून दिलं.

भांडुपला एका गिऱ्हाइकाच्या मेहुण्याने अकोल्याहून गाडीत टाकून कूलर आणला होता. पहिल्या संध्याकाळी सगळं घर त्याच्यासमोर मांडी घालून बसलं. चौथ्या दिवशी मला फोन, ‘कूलर बिघडलाय, बघून जा.’ गेलो तर कूलर ठणठणीत. बिघडलं होतं घर. मिठाच्या बरणीला पाणी सुटलेलं, डब्यातले पापड मऊ, कपाट उघडलं की कुबट वास, आणि आजी म्हणत होत्या, ‘श्वास जड होतो रे.’

कूलर काय करतो, तर ओल्या गवतातून हवा ओढतो. पाणी उडून जातं, जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. पण पाणी उडायला हवा कोरडी लागते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी 43 अंश असतील आणि हवेत दमटपणा 15 टक्के, तर पाणी उडवून उडवून ती हवा 23 अंशांच्या जवळपास नेता येते. कूलर तिथपर्यंत पोचत नाही, पण त्या दिशेने बराच जातो. आपल्याकडे 34 अंश आणि दमटपणा 65 टक्के धरा. कितीही पाणी उडवा, 28 च्या खाली जाताच येत नाही. आणि तिथवर जाईपर्यंत खोलीतली हवा पाण्याने गच्च झालेली असते. अंगावरचा घाम जिथे वाळत नाही, तिथे गवतावरचं पाणी काय वाळणार? म्हणून कूलर नको. दिरांना सांगा, पाठवायचाच असेल तर संत्र्यांच्या दिवसांत पेटी पाठवा.

एसीचं नंतर बोलू. आधी घर तापतं कुठून ते बघा, कारण तुमच्या पत्राचा अर्धा भाग त्याचाच आहे.

पहिली गोष्ट स्लॅब. दिवसभर गच्चीवर ऊन पडतं, ते काँक्रीटमध्ये मुरत मुरत खाली उतरतं, आणि तुमच्या छतापर्यंत पोचेस्तोवर संध्याकाळ होते. म्हणून बाहेर जरा बरं वाटायला लागतं तेव्हाच तुमचा पंखा वाफ फेकतो. छताला चिकटलेली गरम हवा तो खाली ढकलत असतो, त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. गच्चीवर पत्र्याची शेड आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत. पावसाच्या गळतीसाठी बऱ्याच सोसायट्यांनी शेड घातलीय, ती असेल तर निम्मं काम झालं; फक्त तिच्या बाजू उघड्या आहेत ना बघा, ताडपत्र्या बांधून बंद केली असेल तर खाली भट्टीच होते. शेड नसेल तर सोसायटीकडून लेखी परवानगी घ्या आणि तुमच्या खोलीवरचा भाग पांढरा करून घ्या. साधा चुना, चिकटायला त्यात थोडा डिंक, झाडूने दोन हात. पहिल्या पावसात धुऊन जाईल, जाऊ दे, तोवर उन्हाळा गेलेला असतो. पैसे असतील तर ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो, तो टिकतो. जुन्या लोकांनी गच्च्यांवर पांढरा चायना मोझॅक घातला तो काही दिसायला छान म्हणून नव्हे. संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या बादल्या ओतायचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. एक तर पाण्याचे हाल, आणि स्लॅबला चीर असेल तर जूनच्या आधीच गळती सुरू.

दुसरी गोष्ट खिडकी. तुम्ही आतून जाड पडदा लावला असणार, सगळेच लावतात. पण ऊन काचेतून आत आलं की ते आलंच, मग पडदा तापतो आणि खोली तापवतो. अडवायचं तर बाहेर. ग्रिलच्या बाहेरच्या अंगाला बांबूची चीक किंवा नर्सरीवाल्यांकडची हिरवी जाळी बांधा, दुपारी सोडायची, ऊन उतरलं की गुंडाळायची.

खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून घराघरात भांडणं होतात. आपलं शहर वाऱ्यावर चालतं. सकाळी जमिनीवरचा पूर्वेचा वारा असतो, तो गरम. दुपारकडे समुद्रावरचा वारा सुटतो आणि पारा थांबतो. मार्चमध्ये कधी कधी पूर्वेचा वारा हटूनच बसतो, खारा वारा उशिरा येतो, आणि त्याच दिवशी पेपरात ‘मुंबई होरपळली’ छापून येतं. सांताक्रूझला 28 मार्च 1956 ला 41.7 अंश नोंदले गेले होते, माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी. हवामान खातं किनाऱ्यावर उष्णतेची लाट म्हणतं ती पारा 37 गाठला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश वर गेला तर. मे महिन्यात एवढा पारा इथे क्वचितच जातो, तेव्हाचा छळ दमटपणाचा. तर मार्चच्या तसल्या दिवशी सकाळी नऊ-दहापासून खिडक्या लावून घ्या आणि पश्चिमेच्या झुळकीची वाट बघा. विक्रोळीला ती दादरपेक्षा उशिरा पोचते. झुळूक लागली की उघडा. एरवी, मे महिन्यात, सगळं उघडं आणि हवा खेळती, चीक मात्र सोडलेली.

आता पंखा. तुमच्या पत्रात ‘फुल्लवर पण हळूच फिरतो’ असं एक वाक्य कोपऱ्यात होतं. ते सगळ्यात वर लिहायला हवं होतं. पंख्याच्या कपमध्ये एक डबी असते, कपॅसिटर. 2.5 मायक्रोफॅरडचा. तो वर्षानुवर्षं तापून कमजोर होतो आणि पंखा मरगळतो. माणसं पंखाच बदलतात, काही जण तर थेट एसी घेतात. वायरमनला बोलवा, पन्नास-साठ रुपयांचा कपॅसिटर बदलायला सांगा, पाती दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. दमट हवेत घाम वाळवणारं एकच यंत्र तुमच्या घरी आहे आणि ते अर्ध्या ताकदीने चालतंय! पुढेमागे नवा पंखा घेतलात तर बीएलडीसीवाला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा घ्या. साधा 75 वॅट खातो, हा 30 च्या आसपास, आणि मुंबईत पंखा बंद असतो कधी? घरात टेबलफॅन असेल तर रात्री आठनंतर तो खिडकीत तोंड बाहेर करून लावा आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडा. आतली गरम हवा बाहेर, बाहेरची आत. लोक हसतील. हसू दे.

ओलावा तुम्हीही घरात तयार करता, तो कमी करा. दुपारी कुकर नको, पोळ्या-भाजी सकाळी नऊच्या आत. धुतलेले कपडे खोलीत वाळत घालू नका. टाकीतलं पाणी दुपारी चहासाठी घ्यावं असं येतं, म्हणून रात्रीच दोन बादल्या भरून मोरीत झाकून ठेवा. दुपारी मुलांना त्यातल्याच पाण्याने आंघोळ.

सासूबाईंचं. मी मेकॅनिक आहे, डॉक्टर नाही, पण वरच्या मजल्यावरची घरं फार बघितलीत. मुलुंडला एकदा एसी बसवायला गेलो तर आतल्या खोलीत आजोबा, पंखा फुल्ल, खिडक्या बंद, अंगाला हात लावला तर तवा, आणि मला ‘बंड्या, गाडी आली का’ म्हणून विचारत होते. मी बंड्या नव्हे. असं असंबद्ध बोलणं आणि कढत अंग एकत्र दिसलं की 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत कपडे भिजवून वारा घालायचा, काखेत आणि जांघेत बर्फ. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. तापाच्या गोळीचा इथे उपयोग होत नाही. आजोबा वाचले, एसी दुसऱ्या आठवड्यात बसला.

म्हाताऱ्या माणसांना तहान लागलेली कळत नाही, म्हणून ‘पाणी हवं का’ विचारू नका, तांब्या हातात द्या. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी आहे का, तिचं उन्हाळ्यात काय करायचं, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, स्वतः बंद करू नका. कोकम सरबत द्या, पण आगळापासून करत असाल तर त्यात आधीच मीठ असतं, वरून घालू नका. पन्हं, पातळ ताक, ताडगोळे, काही हरकत नाही. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, त्याने काही होत नाही. संध्याकाळी कोशिंबिरीला होतो.

एवढं सगळं करून आधी पंधरा दिवस काढा. त्यानंतरही रात्री झोप नसेल तर कूलरचे हप्ते एसीकडे वळवा. वरच्या मजल्यावर स्लॅबचा ताप असतो, म्हणून दुकानदार खोलीच्या मापावरून 1 टन म्हणाला तरी दीड टनाचं विचारा, इन्व्हर्टरवाला, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा. मीटरपासून वेगळी वायर ओढून घ्या, जुन्या बोर्डावर लावू नका. बाहेरचं युनिट कोंदट डक्टमध्ये नको, त्यालाही श्वास लागतो. आणि 26 वर ठेवून पंखा दोनवर. 18 केल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ पळतो. एक अंश वर ठेवलात की वीज साधारण सहा टक्के वाचते असं ऊर्जा बचतवाले सांगतात. रात्रीचे आठ तास चालवलात तर सहा ते आठ युनिट धरा, म्हणजे महिन्याला 200 च्या आसपास वाढले. मुंबईत दर टप्प्याने चढतो, 100 पर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा. तुमचं आताचं बिल काढून बघा, 300 ची वेस ओलांडली की किती फरक पडतो ते त्यातच कळेल.

सांधे धरतात ते हवेचा झोत थेट अंगावर आला की. पाती वर करून ठेवा, सासूबाईंची गादी एसीच्या खालच्या भिंतीला घाला, समोर नको. माझी आईही हेच म्हणायची. नंतर रिमोट तिच्याच उशीखाली सापडायचा.

प्रश्न : धारावीच्या कुंभारवाड्यातून माठ आणला. पहिल्या वर्षी पाणी छान गार व्हायचं, यंदा कोमट. माठ खराब झाला का? – गिरगाव

उत्तर : तुम्ही तो आतून साबणाने किंवा तारेच्या घासणीने घासता का? माठाच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी पाझरून उडतं तेव्हा आतलं गार होतं. साबणाने आणि पाण्यातल्या क्षारांनी ती बुजतात. नुसत्या हाताने, फार तर काथ्याने धुवा, दोन दिवस रिकामा उन्हात ठेवा. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून काढून चाळीच्या गॅलरीत वाऱ्याच्या तोंडाशी, तिवईवर, सावलीत. भोवती ओलं फडकं. तरीही दमट दिवशी माठ फारसा गार होणार नाही, वर कूलरचं लिहिलं तेच कारण. वाळ्याची जुडी टाकलीत तर वास तरी थंड येईल.

प्रश्न : गेली तीन वर्षं दर एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगवाला येतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो आणि भरून जातो. एसी इतका गॅस खातो का? – ठाणे

उत्तर : एसी गॅस खात नाही. तो बंद नळीत फिरतो, रिक्षातल्या सीएनजीसारखा जळत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी. पुढच्या वेळी त्याला म्हणा, आधी प्रेशर दाखव, मग जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे दाखव. घर नाल्याजवळ असेल तर कॉइल काळी पडलीय का बघा, त्या हवेने तांब्याला भोकं पडतात. आणि हे सगळं करायच्या आधी आतली जाळी नळाखाली धुवा, बाहेरच्या युनिटवरची कबुतरांची घाण काढून घ्या. माझ्या अनुभवात ‘गॅस कमी’च्या कित्येक तक्रारी तिथेच संपतात. हे छापून आल्यावर माझे जुने सहकारी माझ्याशी बोलणार नाहीत.

प्रश्न : काका, फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली थंड होईल का? आई नाही म्हणते. – इयत्ता सहावी, परळ

उत्तर : फ्रिजच्या मागे हात लाव. गरम लागतं ना? आतली गरमी तो तिथे आणून टाकतो, वर मोटारीची स्वतःची गरमी. दार उघडं ठेवलंस तर पुढून थंड, मागून त्याहून जास्त गरम, आणि दोन्ही त्याच खोलीत. आई बरोबर आहे. दार लाव, आधी त्यातलं कलिंगड काढून घे.