आर्चडायोसीस म्हणजे महाधर्मप्रांत, पण मग व्हिकॅरिएटचं काय?

प्रश्न असा आलाय की दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या कॅथलिक चर्चच्या इतिहासाचा अनुवाद चाललाय, त्यात १९५१ च्या आधी सगळीकडे व्हिकॅरिएट येतं आणि नंतर आर्चडायोसीस, तर दोन्हीला सरसकट महाधर्मप्रांत लिहिलं तर चालेल का, आणि आर्चबिशपला ‘मुख्य बिशप’ म्हणावं का.

सरसकट नको. आणि मुख्य बिशप तर अजिबातच नको, त्याचं पुढे सांगतो.

आधी व्हिकॅरिएट. व्हिकर हा मुळात लॅटिन शब्द, अर्थ बदली माणूस, दुसऱ्याच्या जागी बसून काम बघणारा. आपल्याकडे याला अस्सल शब्द आहे आणि तो म्हणजे मुतालिक! पेशवाईच्या काळात प्रतिनिधी, सचिव असल्या मोठ्या पदांचे धनी एकीकडे आणि त्यांच्या वतीने कारभार बघणारा मुतालिक दुसरीकडे, अगदी तोच प्रकार. १८५० मध्ये नाताळ, म्हणजे डर्बन ज्यात येतं तो प्रांत, व्हिकॅरिएट केलं म्हणजे तिथे स्वतःच्या हक्काचा बिशप असलेला धर्मप्रांत झाला नाही, तो मिशनचा मुलूख थेट पोपच्या नावावर राहिला आणि कारभाराला पोपचा मुतालिक, व्हिकर अपॉस्टॉलिक. पहिला मुतालिक म्हणजे ऑब्लेट या कॅथलिक मिशनरी संघाचे फ्रेंच बिशप अलार, ते १८५२ मध्ये तिथे पोचले. आता ते बिशप तर होते, पण अशा बिशपला नावापुरता एखादा कधीच बुडालेला जुना धर्मप्रांत देतात, म्हणजे सनद आहे पण वतन नाही. पण हा मुलूख केवढा, तर आजचा लेसोथोसुद्धा त्यातच, १८६२ मध्ये अलार आणि फादर जेरार यांनी राजा मोशोएशोएच्या राज्यात मिशन सुरू केलं ते इथूनच.

(जाता जाता, हा नाताळ प्रांत आणि आपला नाताळ सण हे एकच पोर्तुगीज ‘नाताल’ आहेत. वास्को द गामा १४९७ च्या ख्रिसमसच्या सुमारास त्या किनाऱ्यावरून गेला म्हणून त्याने तेच नाव ठेवलं. अनुवादात ‘नाताळचे बिशप’ असं आलं की मराठी वाचकाला डिसेंबरातले सांताक्लॉज आठवणार, तेव्हा तिथे ‘नाताळ प्रांताचे’ असं लिहाच.)

मग ११ जानेवारी १९५१ ला रोमने दक्षिण आफ्रिकेत रीतसर रचना लावली, केपटाऊन, डर्बन, प्रिटोरिया आणि ब्लूमफाँटेन अशा चार आर्चडायोसीस केल्या. डेनिस हर्ली हे १९४७ पासून तिथे मुतालिक होतेच, बिशप झाले तेव्हा वय फक्त ३१, ते आता आर्चबिशप झाले. माणूस तोच, गाव तेच, शब्द बदलला. म्हणून तुमच्या अनुवादात हा फरक दिसलाच पाहिजे, नाहीतर १९५१ ला नेमकं काय घडलं ते वाचकाला कळणारच नाही.

आता ‘आर्च’. मूळ ग्रीक, अर्थ पहिला किंवा मुख्य, त्यामुळे ‘महा’ चूक नाहीये. झुलू लोकांनीही हेच केलं, बिशपला उम्भिशोभी आणि आर्चबिशपला उम्भिशोभी ओम्खुलू, म्हणजे मोठा. पण ‘मुख्य बिशप’ म्हटलं की वाचतो तो समजतो हा बाकीच्यांचा साहेब, आणि तसं नसतं. मारियनहिल, एशोवे, डंडी, कोकस्टॅड इथले बिशप डर्बनच्या प्रांतात, म्हणजे डर्बनभोवती बांधलेल्या धर्मप्रांतांच्या गटात, येतात खरे, पण आपापल्या घरचा कारभार ते स्वतः बघतात आणि जाब देतात तो रोमला. वसई मुंबईच्या प्रांतात येते म्हणून वसईचा कारभार मुंबईचे आर्चबिशप बघत नाहीत, तसंच. उलटी गंमतही वसईतच बघा, फेलिक्स मच्याडो हे तिथले बिशप असताना त्यांना आर्चबिशप म्हणायचे, पण वसई कधी आर्चडायोसीस नव्हती, ती पदवी त्यांची व्यक्तिशः होती.

कार्डिनलबद्दल कोणी विचारलं नाहीये पण विचारणारच. मूळ लॅटिन ‘कार्डो’, म्हणजे दाराची बिजागरी! ही आर्चबिशपच्या वरची पायरी नाही, पोप निवडणाऱ्या मंडळात घेतलेला माणूस इतकंच. वर्णभेदाविरुद्ध आयुष्यभर बोललेले हर्ली, नामिबियातल्या कूफूट या पोलिसी पथकाच्या अत्याचारांबद्दल बोलले म्हणून सरकारने त्यांच्यावर खटला भरला आणि १९८५ मध्ये तो मागे घ्यावा लागला, ते शेवटपर्यंत कार्डिनल झाले नाहीत. त्यांच्यानंतर १९९२ ला आलेले विल्फ्रिड नेपियर २००१ मध्ये झाले. गादी डर्बनचीच, तरी एकाला मिळालं, एकाला नाही.

आणि तुम्ही अनुवाद करताय म्हणून हे सांगायलाच हवं, हर्ली १९७५ ते १९९१ मिस्साचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, इंग्रजी भाषांतर करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे प्रमुख होते. त्या काळच्या भाषांतरात ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ असं फादर म्हणाले की लोक देतात त्या लॅटिनमधल्या ‘तुझ्या आत्म्याबरोबरही’ या उत्तराचं सरळ ‘अँड ऑल्सो विथ यू’ केलं होतं. पुढे २००१ मध्ये रोमने शब्दाला शब्द ठेवा म्हणून फर्मान काढलं आणि २०११ पासून तिथे परत आत्मा आला. मला स्वतःला आधीचंच जास्त बोलण्यातलं वाटतं, पण ते असो.

तर मी असं लिहीन: १९५१ च्या आधी ‘व्हिकॅरिएट’ तसंच ठेवायचं आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पोपच्या मुतालिकाचा मुलूख’ असा एकदा खुलासा, नंतर ‘महाधर्मप्रांत’, कारण धर्मप्रांत हा शब्द वसईत चांगला रुळलेला आहे. माणसाला मात्र ‘आर्चबिशप’च म्हणायचं. आणि व्हिकॅरिएट म्हणजे जुनाट काहीतरी असं समजू नका, डर्बनच्या उत्तरेचं इंग्वावुमा अजून व्हिकॅरिएटच आहे आणि २०२१ मध्ये डर्बनचे आर्चबिशप झालेले मांड्ला ज्वारा त्याआधी तिथलेच मुतालिक होते.

निवृत्तीनंतरच्या हर्लींना काय म्हणायचं हा खरा पेच तुम्हाला शेवटच्या प्रकरणात येईल. १९९२ नंतर ते डर्बनच्याच इमॅन्युएल कॅथेड्रलमध्ये साधे पॅरिश प्रीस्ट म्हणून काम करायला लागले, म्हणजे वसईच्या भाषेत धर्मग्रामाचे फादर, पण पदवी आर्चबिशपचीच. तिथे दोन्ही शब्द एकाच वाक्यात लिहा, बिनधास्त.