रात्री तीनला जाग, दिवसभर उदास

प्रश्न: ताई, वय ४७, नाशिकला असते. मुलगी जूनमध्ये पुण्याला शिकायला गेली तेव्हापासून सगळं बिनसलंय. दिवसभर गळून गेल्यासारखं होतं म्हणून नऊलाच आडवी होते, तीनला टक्क जाग येते आणि सहापर्यंत नुसते विचार. भजनी मंडळ सोडलं, मधेच रडू येतं. थायरॉइडची गोळी चालू आहे, यूट्यूबवर बघून अश्वगंधा पण घेते. आता १८ हजारांचा एक माइंड-बॉडी हीलिंग कोर्स आहे, करू का?

अगं, कोर्स आत्ता नको. दीर्घ श्वास, शवासन, योगनिद्रा हे चांगलंच आहे, पण ते घरी फुकटात होतं, आणि तुझ्या बाबतीत आधी दुसरंच काहीतरी बघायला हवं.

ती अश्वगंधा. आयुर्वेदिक आहे म्हणजे त्रास नाहीच असं आपण धरून चालतो, पण अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, आणि तुझी गोळीही तेच हार्मोन देते, मग दोन्ही मिळून जास्त झालं तर धडधड, चिडचिड, घाम आणि झोपेचं खोबरं, म्हणजे झोपेसाठी घेतलेलं औषधच तुला जागं ठेवत असेल. ती थांबव. थायरॉइडची गोळी मात्र मनाने बंद करायची नाही हं! टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ करून घे, आणि पाळी मागेपुढे होत असेल, रात्री घामाने जाग येत असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

आता तासांचा हिशोब बघ. नऊ ते तीन म्हणजे सहा तास झाले की गं, त्यात दुपारी पण झोपत असशील तर रात्रीसाठी झोप उरतेच कुठे. नऊला पडणं बंद, साडेदहा-अकराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही, आणि उठायचं मात्र रोज एकाच वेळी, साडेपाच तर साडेपाच, रविवारी पण, रात्र कशीही गेली तरी. तीनला जाग आली तर घड्याळ बघू नकोस, अंदाजे वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून हॉलमध्ये मंद दिव्यात बस, काहीतरी कंटाळवाणं वाच (मोबाइल नको), पेंग आली की परत जा. गादीवर तळमळत पडलं की गादी बघूनच डोकं जागं व्हायला लागतं, ती सवय मोडायचीय. पहिला आठवडा वाईट जाईल, दिवसा पेंगशील, तेवढे दिवस गाडीबिडी चालवू नकोस. डॉक्टर जुन्या निद्रानाशाला गोळीच्या आधी हीच पद्धत सुचवतात. आणि संध्याकाळचा सहाचा चहा घेत असशील तर सोड, त्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं.

झोपायच्या आधी काशाची वाटी काढ, सासूबाईंची असेल कुठेतरी माळ्यावर. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून दहा मिनिटं घासायची. पाय गरम झाले की तिथून उष्णता बाहेर जाते, शरीर आतून जरा थंड होतं आणि झोप लागायला मदत होते, म्हणजे आजीचं चुकीचं नव्हतंच. मग पडल्या पडल्या श्वास चारात घे, सहात सोड. झोप येतेय का हे तपासत बसायचं नाही, अंग सैल पडलं तरी पुष्कळ झालं.

मूडचं म्हणशील तर बरं वाटलं की भजनाला जाईन असं ठरवशील तर कधीच जाणार नाहीस, कारण आधी जावं लागतं, बरं नंतर वाटतं. एकच वार धर, मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवल्यास तरी चालेल. सकाळी उठल्यावर अर्धा तास उन्हात चालून ये, त्याने झोपेचं घड्याळही जागेवर येतं.

पण काही नको वाटणं, रडू येणं हे दोन आठवड्यांच्या वर रोजचं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, पहाटे लवकर जाग येणं हेही त्यातच येतं, मग नुसत्या भजनावर आणि काशाच्या वाटीवर राहू नकोस. जगणंच नको असं मनात आलं तर त्याच वेळी टेलि-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लाव, फुकट आहे, चोवीस तास असतं, मराठीत बोलतात. आणि डॉक्टरकडे नुसतं झोप येत नाही एवढंच सांगून झोपेची गोळी घेऊन घरी येऊ नकोस, रडू येतं, भजन सोडलं, हेही सगळं सांग, तुला सांगायला जड गेलं तर घरातलं कोणीतरी बरोबर ने.