ऑलिव्हच्या हंगामाआधी आलेले प्रश्न

गणपती उठले की माझ्याकडे एकाच धाटणीची पत्रं येऊ लागतात. ऑक्टोबरात इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमध्ये पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची ऑलिव्हची तोडणी सुरू होते, तिथे मदतीला जायचं असतं, चार माणसं जोडायची असतात. मी सात हंगाम तिथे काढले म्हणून मला विचारतात. गोंधळ दर वर्षी तोच, तेव्हा सगळ्यांना एकदाच उत्तर देते.

गाझात जाता येईल का?

एकट्यादुकट्या स्वयंसेवकाला नाही. डॉक्टर किंवा नर्स असाल तर मोठ्या वैद्यकीय संस्थेशी बोला. त्यांनाही इस्रायलची मंजुरी लागते.

मी शाकाहारी आहे. जेवणाचं काय?

उपाशी राहणार नाही. हुम्मुस, फलाफल, मसूर-भाताची मुजद्दरा, तेलात बुडवून झाअतरला, म्हणजे ओव्यासारख्या रानपाल्याच्या नि तिळाच्या मसाल्याला लावलेली रोटी. पण नवं तेल आलं की घरोघरी मुसख्खन होतं, म्हणजे कोंबडी. मुद्दाम रांधलेलं ताट ऐन वेळी परत करू नका. आदल्या दिवशीच सांगा.

तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे. विमानतळावर ‘फक्त जेरुसलेम बघायला आलोय’ एवढंच सांगायचं, असं मित्र म्हणाला. बरोबर ना?

आधी तिकीट, मग प्रश्न! वेस्ट बँकला स्वतःचा विमानतळ नाही. बेन गुरियनवर उतरा किंवा जॉर्डनकडून अ‍ॅलनबी पुलावरून या, दोन्ही दारांशी इस्रायलच उभा आहे, आणि भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो. वेस्ट बँकमध्ये राहू इच्छिणाऱ्या परदेशी लोकांसाठी लष्करी प्रशासनाचे वेगळे नियम ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहेत. त्यात स्वयंसेवकांचा वेगळा प्रकार आहे. पर्यटक व्हिसावर काय चालतं नि काय नाही, हे मित्राने कुठल्या तरी ग्रुपवर वाचलेलं असतं. खोटं पकडलं गेलं तर परत पाठवतात, वर काही वर्षांची बंदीही येऊ शकते. इस्रायलवर बहिष्काराचं जाहीर आवाहन केलेल्यांना प्रवेश नाकारण्याची तरतूद २०१७ पासून कायद्यातच आहे. खोटं बोलू नका. ज्या संस्थेकडे जाणार, तिला आणि तिच्या वकिलाला तुमची परिस्थिती सांगा, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा, आणि तोवर तिकीट पुढे ढकला.

एक कंपनी दहा दिवसांचे दीड लाख मागते. प्रमाणपत्र मिळतं, आणि निर्वासित छावणीतल्या मुलांना शिकवायचं असतं. घ्यावं का?

नको. छावणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तंबू येतात. वेस्ट बँकमधल्या छावण्यांत आता घरावर घर चढलंय, गल्लीतून दोन माणसं जेमतेम जातात, आणि बेथलेहेमची आयदा छावणी तर इस्रायलने बांधलेल्या विभाजक भिंतीला थेट टेकलेली आहे. तिथल्या मुलांना दर दहा दिवसांनी एक नवे सर देऊन कुणाचं भलं होतं? कंपनीला दोनच गोष्टी विचारा: दीड लाखांतले गावात किती पोचतात, आणि यजमान संस्थेशी मला थेट बोलू द्याल का? पुढे फोन येणार नाही.

हाताला खास कसब नसेल तर सरळ ऑलिव्ह तोडा. झाडाखाली ताडपत्री अंथरायची, फांदी हाताने किंवा छोट्या फणीने ओरपायची. काठीने झोडपायची घाई करू नका. कोवळे शेंडे मोडले की पुढच्या वर्षीचं फळ जातं, आणि आजीबाई ते सगळ्यांदेखत ऐकवतात.

परदेशी माणूस सोबत असला की इस्रायली सैनिक आणि वसाहतवाले (तिथे वस्त्या करून राहणारे इस्रायली) दबून वागतात, असं ऐकलंय.

ऐकलंय! रेचल कोरी ही कार्यकर्ती २००३ मध्ये गाझातल्या रफाहत इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली गेली. आयशेनूर एज़गी एयगी सप्टेंबर २०२४ मध्ये वेस्ट बँकमधल्या बेइताला गोळी लागून गेली. दोघी अमेरिकी नागरिक होत्या. पासपोर्ट म्हणजे चिलखत नव्हे. ‘बंद लष्करी क्षेत्र’ असा हुकूम दाखवला की काय करायचं, हे तुम्ही शेतात उभं राहून ठरवायचं नसतं. आदल्या रात्री यजमानांशी बोलून ठरवा आणि वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा.

आम्ही ठाण्याचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. मावशी इस्रायलमध्ये लोदला असते. तिला घेऊन बेथलेहेम बघावं म्हणतो.

मावशीला नाही नेता येणार. इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लोच्या १९९५ च्या करारातल्या ‘अ’ क्षेत्रात, म्हणजे पॅलेस्टिनी प्रशासनाकडच्या भागात, बेथलेहेम शहर येतं, आणि तिथे जायला इस्रायली नागरिकांना लष्करानेच बंदी केली आहे. वाटेवर तसे लाल फलक आहेत. तुम्ही भारतीय पासपोर्टवर जाऊ शकता. तिची पिवळ्या (इस्रायली) नंबरपाटीची गाडी मात्र मागून नेऊ नका. मावशीकडे आणि पॅलेस्टिनी यजमानांकडे, दोन्ही घरी जेवा. कुठल्याही घरी दुसऱ्या घराचा पत्ता सांगायचं कारण नाही.

रोज इन्स्टावर टाकायचा विचार आहे, अर्थात मित्रांची परवानगी घेऊनच. जगाला कळायला नको का?

इथे मी तापते, आधीच माफी मागते. ‘परवानगी घेऊनच’ म्हणजे काय? दारात ‘तफद्दल’ (या, बसा) म्हणून उभा असलेला माणूस पाहुण्याला नाही म्हणेल? २०१६ मध्ये नब्लूसजवळच्या एका घराच्या गच्चीवरून मी फोटो टाकला. काळ्या पाण्याच्या टाक्या, मागे टेकडीवरची वसाहत, कडेला चहा ओतणारा घरचा मुलगा. त्यालाही आवडला. संध्याकाळी त्याचे वडील शेजारी येऊन बसले आणि काढून टाक म्हणाले. फोटो निघेपर्यंत उठले नाहीत. परदेशी लोक कोणत्या गच्चीवर राहतात, हे टाक्यांवरून अख्ख्या टेकडीला कळत होतं.

त्या टेकडीवरच्या वसाहतवाल्याला इस्रायलचा नागरी कायदा, खालच्या मुलाला लष्करी कोर्ट. त्याला आरोपपत्राशिवाय सहा-सहा महिने कोठडीत ठेवता येतं, मुदत पुन्हापुन्हा वाढवता येते. १९६७ च्या लष्करी हुकूम १०१ नुसार दहा जणांनी राजकीय कारणासाठी विनापरवाना जमणं हाही गुन्हा आहे, आणि तुमचा ‘ग्रुप फोटो’ हा त्याचा पुरावा ठरू शकतो. हेब्रॉनच्या नाक्यांवर चेहरे ओळखणारे कॅमेरे आहेत. परमिट नाकारलं तर कारण सांगत नाहीत. ऑक्टोबर २०२३ आधी लाखाहून अधिक लोकांची चूल इस्रायलमधल्या कामाच्या परमिटवर पेटत होती. तुमच्या एका पोस्टने कुणाचं काय अडलं, हे तुम्हाला कधीच समजणार नाही, कारण तोवर तुम्ही घरी परतून लॅपटॉपपुढे बसलेले असता.

म्हणून चेहरा नको, गच्ची नको, ठिकाणाची खूण नको. फोनमध्ये ‘अमका, नब्लूस’ अशी नावं साठवू नका, नाक्यावर फोन बघितला जाऊ शकतो. लिहायचं तर परतल्यावर, मजकूर यजमानांना दाखवून. आणि दहातले आठ दिवस फोन बॅगेतच ठेवा हो. फणी धरलेल्या दोन हातांत तिसरी वस्तू मावत नाही, आणि गप्पा झाडाखालीच होतात. ‘हिंदी (म्हणजे भारतीय)? अमिताभ बच्चन?’ इथून सुरू होतात, दुपारी मरमिया हा सुगंधी पाला घातलेल्या चहापर्यंत भावंडांची लग्नं निघतात.

सल्फीतजवळच्या गावातला मित्र दोन महिने उत्तर देत नाही. माझं काही चुकलं का? कुठे चौकशी करू?

समाजमाध्यमांवर त्याचं नाव घेऊन विचारू नका. ज्या संस्थेने ओळख करून दिली तिला एक ओळ लिहा, बाकी त्यांच्यावर सोपवा. फोन जप्त झाला असेल, माणूस आत असेल, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना ‘कसा आहेस’चं उत्तर देऊन तो दमला असेल. तेव्हा तोही प्रश्न नको. आपल्या आंब्यासारखं ऑलिव्हही एक वर्ष धरतं, एक वर्ष रुसतं. यंदा झाडाला किती आहे, एवढंच विचारा आणि उत्तराची घाई करू नका.