लोरा मॉड्यूल एकमेकांशी बोलत का नाहीत?

प्रश्न : अर्डुइनो उनोवर आरए-०२ आहे (लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोहोचणाऱ्या रेडिओचं ४३३ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल), त्यात रेडिओहेड लायब्ररी. दुसरं आरए-०२ ईएसपी३२ बोर्डाला जोडलंय, तिथे अर्डुइनो-लोरा लायब्ररी. फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे एकच ठेवली आहे. ईएसपी३२वर मजकूर येतो, पण सुरुवातीला चार विचित्र अक्षरं असतात. उलट दिशेने तर काहीच पोहोचत नाही.

उत्तर : रेडिओ ठीक आहेत, लायब्ऱ्यांचं जमत नाहीये. रेडिओहेड प्रत्येक पॅकेटच्या पुढे स्वतःचे चार बाइट लावते : कोणाला, कोणाकडून, क्रमांक आणि फ्लॅग. काही बदललं नसेल तर ते २५५, २५५, ०, ० असे असतात. अर्डुइनो-लोराला त्यांची ओळख नाही, म्हणून ती ते मजकुरासकट तसेच छापते. उलट दिशेने तुम्ही ‘हॅलो’ पाठवलं, की रेडिओहेड त्याचा पहिला बाइट पत्ता समजते. तो पत्ता आपला नाही आणि सर्वांसाठीचा २५५ही नाही, म्हणून पॅकेट टाकून देते.

यात दुसरा अडथळा सीआरसीचा (पॅकेट वाटेत बिघडलं का हे पडताळणारा आकडा) आहे आणि तो पटकन लक्षात येत नाही. अर्डुइनो-लोरात सीआरसी मुळात बंद असतो. रेडिओहेडच्या अलीकडच्या आवृत्त्या मात्र सीआरसी नसलेलं पॅकेट नाकारतात. तेव्हा ईएसपी३२च्या कोडमध्ये बिगिन फंक्शन झाल्यावर एनेबलसीआरसी हे फंक्शन बोलवा, पाठवताना मजकुराआधी २५५, २५५, ०, ० लिहा आणि वाचताना पहिले चार बाइट सोडून द्या. एवढ्यावर दोन्ही दिशा चालू होतात.

तरीही आमचा आग्रह असा, की दोन्ही टोकांना एकच लायब्ररी ठेवा, आणि तीही डिफॉल्टच्या भरवशावर चालवू नका. अर्डुइनो-लोरा आणि रेडिओहेड एसएफ ७ वर उघडतात, रेडिओलिब ही तिसरी लायब्ररी एसएफ ९ वर. (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर : तो जेवढा मोठा, तेवढी रेंज जास्त आणि वेग कमी.) फ्रिक्वेन्सी, बँडविड्थ, एसएफ आणि सिंक वर्ड (आपलं पॅकेट ओळखायची खूण) यांतलं एक जरी वेगळं असलं तरी समोरच्याला काही ऐकू येत नाही, आणि एरर मेसेजही येत नाही. कोडिंग रेट आणि सीआरसी आहे की नाही हे पॅकेटच्या हेडरमधून कळतं. बाकीचं दोन्हीकडे हाताने लिहावंच लागतं.

प्रश्न : ईएसपी३२वर अर्डुइनो-लोराचं उदाहरण जसंच्या तसं टाकलं, तर बोर्ड पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो.

उत्तर : त्या उदाहरणातल्या पिना उनोच्या आहेत : एनएसएस (मॉड्यूल निवडणारी) १०, रीसेट ९, डीआयओ० (पॅकेट आल्याचं कळवणारी) २. ईएसपी३२वर ६ ते ११ या पिना फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात, त्यांना हात लावला की प्रोग्राम कोसळतो. घड्याळ १८, मिसो (मॉड्यूलकडून बोर्डाकडे) १९, मोसी (बोर्डाकडून मॉड्यूलकडे) २३, एनएसएस ५ अशी जोडणी करा. या चार वायरींना मिळून एसपीआय म्हणतात. रीसेट आणि डीआयओ० साठी १४ आणि २६ चालतील. मग बिगिनच्या आधी सेटपिन्समध्ये एनएसएस, रीसेट, डीआयओ० याच क्रमाने आकडे द्या.

जोडणी तपासायला एक खात्रीचा उपाय आहे. एसएक्स१२७६ आणि १२७८ या मॉड्यूलमधल्या रेडिओ चिपमध्ये हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) ४२ या पत्त्यावरचं रजिस्टर, म्हणजे चिपमधली आकडा साठवायची जागा, वाचा. हेक्स १२ आलं तर एसपीआयच्या वायरी बरोबर आहेत. शून्य किंवा हेक्स एफएफ आलं तर मिसो, एनएसएस किंवा वीजपुरवठा बघा. तोवर रेडिओच्या सेटिंगला हात लावू नका. रास्पबेरी पाय पिकोवर जोडणी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की तिथे मिसोला आरएक्स आणि मोसीला टीएक्स म्हणतात : जीपी१६ आणि जीपी१९.

प्रश्न : उनोवरचं मॉड्यूल ऐकतं नीट, पण पाठवायला गेलं की गोठतं.

उत्तर : त्याला वीज पुरत नाही. २० डीबीएम एवढ्या प्रसारणाच्या ताकदीवर एसएक्स१२७८ सुमारे १२० मिलीअँपियर घेते, १७ डीबीएमवर ८७. उनोच्या ३.३ व्होल्ट पिनेची अधिकृत मर्यादा ५० आहे. ऐकताना दहा-बारा मिलीअँपियर लागतात, म्हणून तेव्हा काही बिघडत नाही. पाठवायच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं. ५ व्होल्टवरून एएमएस१११७-३.३ हा रेग्युलेटर लावा आणि मॉड्यूलच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरड व ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर जोडा.

उनोच्या पिना ५ व्होल्टच्या आहेत, ही चिप ३.३ची. घड्याळ, मोसी, एनएसएस आणि रीसेट या चार वायरींवर १ किलोओहम व २ किलोओहमच्या रेझिस्टरचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी जोडी) घाला, ३.३३ व्होल्ट मिळतात. मिसो थेट जोडली तरी चालते. डिव्हायडरशिवायही काही दिवस काम होतं म्हणून लोक तसंच ठेवतात, पण त्याने चिप जाते. अँटेना न लावता पाठवणं हेही चिपच्या जिवावर बेततं.

प्रश्न : उनोवरून स्ट्रक्ट (अनेक आकड्यांचा एक गठ्ठा) पाठवतो. ईएसपी३२वर नोडचा, म्हणजे पाठवणाऱ्या बोर्डाचा, क्रमांक बरोबर येतो, तापमान भलतंच.

उत्तर : समजा स्ट्रक्टमध्ये एक बाइटचा क्रमांक, मग फ्लोट (चार बाइटचा दशांश आकडा) तापमान, मग दोन बाइटची बॅटरी आहे. उनोवर हे ७ बाइट होतात. ईएसपी३२ फ्लोट चारच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवते, म्हणून क्रमांकानंतर तीन आणि शेवटी दोन बाइट रिकामे सोडते, म्हणजे एकूण १२. तापमान भलत्याच जागेवरून वाचलं जातं. स्ट्रक्टला दोन्हीकडे पॅक्ड (मोकळे बाइट न सोडण्याची सूचना) लावा. नुसता इंट (पूर्णांकाचा प्रकार) वापरू नका, तो उनोवर २ बाइटचा आणि ईएसपी३२वर ४ बाइटचा असतो. डबलही ४ आणि ८. पायथनमध्ये वाचत असाल तर फॉरमॅटच्या सुरुवातीला ‘<’ हे चिन्ह हवंच, नाहीतर तिथेही मोकळे बाइट घुसतात. आम्ही तर फ्लोटच टाळतो : २७.४ अंशांऐवजी २७४ हा दोन बाइटचा पूर्णांक पाठवला की पॅकेटही आटोपशीर राहतं.

प्रश्न : जुन्या एसएक्स१२७६ नोडबरोबर नव्या एसएक्स१२६२ चिपचा नोड बसवता येईल का?

उत्तर : हो, पण एसएफ ७ ते १२ मध्येच राहा, दोघांचं एसएफ ६ आपसांत जुळत नाही. १२७६चा सिंक वर्ड हेक्स १२ असेल तर १२६२च्या रजिस्टरांत तो हेक्स १४२४ असा लिहावा लागतो. रेडिओलिब हे स्वतः करते, स्वतःचा ड्रायव्हर लिहिणारे इथे फसतात. १२५ किलोहर्ट्झवर एसएफ ११ आणि १२ ला लो डेटा रेट ऑप्टिमायझेशन (संथ वेगासाठीची सेटिंग) दोन्हीकडे चालू हवं. रेडिओलिबमध्ये उणे ७०७ ही एरर आली तर मॉड्यूलवर टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी स्थिर राहणारा घड्याळाचा स्फटिक) नसावा, बिगिनमध्ये त्याचं व्होल्टेज शून्य द्या. त्याच घराण्यातली स्वस्त एलएलसीसी६८ घेतली असेल तर १२५ किलोहर्ट्झवर ती एसएफ ९च्या पुढे जात नाही.

प्रश्न : द्राक्षबागेत रेंज वाढवायला एसएफ १२ केलं, आता निम्मी पॅकेटं हरवतात. नोड सहा आहेत.

उत्तर : ती हवेत एकमेकांवर आदळतायत. दहा बाइटचं पॅकेट एसएफ ७ला ४१ मिलीसेकंद हवेत असतं, एसएफ १२ला ९९१, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. एसएफ ९वर या आणि प्रत्येक नोडच्या पाठवण्याच्या वेळेत थोडा यादृच्छिक विलंब घाला.

उघड्यावरच्या कामाला आरए-०२ सोडून ८६६ मेगाहर्ट्झचं आरएफएम९५ मॉड्यूल घ्यावं. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५पासून विनापरवाना आहे. प्रेषक १ वॅटपर्यंत आणि कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत. १२५ किलोहर्ट्झची बँडविड्थ त्यात बसते, २५० बसत नाही. आरए-०२ची १७ सेंटिमीटरची तार तिथे चालणार नाही. ८६६ला पाव तरंगलांबी ८.६५ सेंटिमीटर होते. तार पानांच्या मांडवाच्या वर, सरळ उभी हवी.