दर वेळी नवं झाड, गाडीपासून मैल-दीड मैल चाल: शिकारीसाठी झाडावर चढायची हलकी पद्धत कोणती?

तुम्ही मिशिगनच्या सरकारी जंगलात धनुष्यबाणाने व्हाइटटेल हरणाची शिकार करता, दर खेपेला झाड बदलता, संध्याकाळी सगळं सामान काढून परत आणता, आणि क्लाइंबर (बुंध्यावर सरकवत वर न्यायचं बैठकीचं स्टँड), काठ्या (बुंध्याला बांधायच्या पायऱ्यांच्या दांड्या) की वन-स्टिक (एकच काठी पुन्हापुन्हा वर बांधत चढणं) असं विचारताय. माझं उत्तर: सॅडल (कमरेला बांधायचं कापडी आसन), पाय ठेवायला लहानसा प्लॅटफॉर्म आणि तीन आखूड क्लाइंबिंग स्टिक, म्हणजे काठ्या, प्रत्येकीला खाली दोन पायऱ्यांचा कापडी एडर, म्हणजे लटकती शिडी. एवढ्यात १५ फुटांच्या आसपास पोचता येतं आणि पानं झडेपर्यंत तेवढी उंची पुरते.

क्लाइंबर स्टँड आरामशीर असतो, पण २० पौंडांच्या घरात जातो आणि त्याला खांबासारखा सरळ, फांद्या नसलेला बुंधा लागतो. हरणांची वाट ज्या वाकड्या ओकखालून जाते तिथे तो निरुपयोगी. मग माणूस हरणांचं बघायचं सोडून स्टँडला चालेल असं झाड शोधत बसतो. माझ्या मते वजनापेक्षा हा तोटा मोठा आहे. सॅडलमध्ये तुम्ही दोरीवर रेलून बसता, त्यामुळे तिरकं, फांद्यांचं झाडही चालतं, आणि हरणाच्या व तुमच्या मध्ये बुंधा ठेवता येतो.

वन-स्टिक कागदावर हलकी दिसते. एकच काठी बांधायची, वर चढायचं, टेदरवर (सॅडल झाडाला जोडणाऱ्या दोरीवर) लटकायचं, पायाखालची काठी सोडवून वर बांधायची, असं चार-पाच वेळा. उतरायला मात्र ३०-४० फूट दोरी आणि डिसेंडर (दोरीवरून हळूहळू उतरायचं उपकरण) लागतो, म्हणजे काठ्यांचं वाचवलेलं बरंचसं वजन पिशवीत परत येतं. शिवाय पहाटेच्या अंधारात, हातमोजे घालून एवढी उठाठेव केली की घाम फुटतो, आणि नोव्हेंबरच्या वाऱ्यात त्या घामाने तासाभरात हुडहुडी भरते. ज्यांचा हात बसलाय ते सुरेख चढतात. पहिल्याच हंगामात हा मार्ग धरू नका.

फांदीवरून दोरी टाकून चढायची पद्धत झाडं छाटणाऱ्यांकडून आली. दिवसाउजेडी छान, पण अंधारात वजनाची पिशवी फांद्यांत फेकत बसलात तर आसपासची हरणं केव्हाच पसार होतील. खोडात पिळून बसवायचे स्क्रू-स्टेप सगळ्यांत स्वस्त आणि हलके, पण मिशिगनच्या सरकारी जमिनीवर साल भेदून आरपार जाणारं काहीही वापरायला बंदी आहे. कोकणात माडाला पाय ठेवायला खाचा पाडतात, तसं इथे करून चालत नाही.

काठी बांधताना दोरी खेचून घट्ट केली की वरून पायाने जोरात दाबा, म्हणजे तिचे दात सालीत रुततात. शॅगबार्क हिकरीची साल पापुद्र्यांनी सुटते, बीचची गुळगुळीत असते आणि ओली झाली की काठी सरकते. ही दोन झाडं शक्यतो टाळा. दुसरं, डायनीमाची (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी काठ्या बांधायला उत्तम, पण टेदरला किंवा उतरायला वापरू नका. ती ताणली जात नाही, म्हणून झटका थेट अंगावर येतो, आणि साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळते. उतरताना घर्षणाने तापणाऱ्या दोरीत हा गुण नको.

जमीन सुटल्यापासून पुन्हा जमिनीला पाय लागेपर्यंत लाइनमन्स बेल्ट (कमरेपासून झाडाभोवती घ्यायचा दोर) किंवा टेदर, यांपैकी एक तरी झाडाला बांधलेला हवाच. वर पोचल्यावर आधी डोक्याच्या उंचीवर टेदर बांधा, प्रुसिक गाठ (भार पडला की दोरीवर आवळणारी गाठ) सरकवून त्यातला ढिलेपणा काढा, अंगाचा भार त्यावर टाकून बघा, मगच बेल्ट सोडा. हा क्रम थकव्यात किंवा घाईत उलटा होऊ शकतो, म्हणून १ ऑक्टोबरला हंगाम उघडायच्या आधी परसातल्या झाडावर फूटभर उंचीवर त्याची उजळणी करा. आधी उजेडात, मग हातमोजे घालून अंधारात.

सगळे पैसे एकदम घालायचे नसतील तर आधी सॅडल घ्या. जड काठ्या घरात असतील तर त्या एक हंगाम चालतील. काठ्या वापरलेल्या घेतल्या तरी हरकत नाही, पण सॅडल आणि दोरी नवीच घ्या. जुन्या दोरीने किती ऊन खाल्लंय आणि किती झटके सोसलेत ते वरून बघून कळत नाही.